श्याओमानच्या लग्नाचा चहा

माझ्या पोटावर एका गुटगुटीत बाळाचे रंगीत चित्र होते. आता त्यातला एक कान आणि अर्धे हसू तेवढे उरले आहे. मित्रांनो, मी दुधाच्या भुकटीचा एक जुना पत्र्याचा डबा. माझी गोष्ट फार मोठी नाही. तीत लढाया नाहीत की लांबचे प्रवास नाहीत. माडीवरच्या खोलीतून मी खालच्या देवाच्या खोलीत आलो, एवढाच काय तो माझा प्रवास. पण त्या अकरा पायऱ्या उतरलो आणि एका भल्या बाईच्या जिवाला जी चुटपुट लागायची ती लागली. तिच्याविषयीच सांगायचे आहे.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो डबे एकामागून एक सरकत होते. त्यांतला मी चीनमधल्या फूदिंगच्या डोंगरातल्या एका घरी येऊन पडलो. त्या घरात एक तान्ही मुलगी होती. गव्हाच्या ओंब्यांत दाणा भरू लागतो त्या श्याओमानच्या दिवशी जन्मली, म्हणून तिचे नावही श्याओमान. सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचे आईवडील दूर शहरात बुटांच्या कारखान्यात कामाला गेले. पोर आजीआजोबांपाशी राहिली आणि तिच्या दुधाची सोय माझ्याकडे आली. यूछिंग आजी दिवसातून पाच वेळा माझे झाकण काढी, चमचा भरून वरून बोट फिरवी आणि कोमट पाण्यात भुकटी कालवी. शेवटी शेवटी तर ती मला उलटा करून बुडाशी टिचक्या मारी, कडेला चिकटलेली भुकटीही वाया जाऊ नये म्हणून.

मी रिकामा झालो तेव्हा आजीने मला मीठ भरायला चुलीपाशी नेले. पेइगन आजोबांनी वाटेतच मला तिच्या हातून काढून घेतले.

"हा मला हवाय."

"अजून एक? अहो, माडी वाकेल एक दिवस तुमच्या डब्यांनी."

"रिकाम्या डब्यानं माडी वाकलेली कुणी पाहिलीय?"

"रिकामे ठेवता का तुम्ही ते?"

आजीचे म्हणणे खोटे नव्हते. आजोबा दुसऱ्याच्या अंगणात चहा वाळवण्याच्या कामाला होते. बांबूच्या सुपांवर पाने पसरायची, ऊन सरकेल तशी सुपे सरकवायची, ढग दिसला की धावत आत न्यायची, हे त्यांनी चाळीस वर्षे केले. कोवळ्या रुपेरी कळ्या व्यापारी घेऊन जात. हंगामाच्या शेवटी जी मोठी, राठ पाने उरत, त्यांतला वाटा आजोबा घरी आणत आणि साठवत. ही पाने सांभाळून ठेवली तर वर्षागणिक गोड होतात, असा आमच्या डोंगरातल्या माणसांचा अनुभव आहे. साठवायला चिनीमातीच्या मोठ्या बरण्या लागतात म्हणतात, पण त्या घ्यायची आजोबांची ऐपत नव्हती. घरात जे येई आणि रिकामे होई तेच त्यांचे भांडे. माडीवरच्या फळीवर बिस्किटांचे डबे होते, औषधाचे डबे होते, दांडा मोडलेला एक थर्मास होता. आतली काच शाबूत होती म्हणून त्यात हिरवा चहा. लोणच्याची बरणी मात्र कुणी फुकट दिली तरी त्यांनी कधी घेतली नाही.

"या घरात माणसं तीन आणि डबे तीस," शेजारच्या चू काकू जिन्याखालून म्हणत.

"डबे भांडत नाहीत, वहिनी. आणि शेजाऱ्यांकडं डोकावत नाहीत," आजोबा वरून म्हणत.

मला त्या फळीवर जागा मिळण्याआधी बरेच सोसावे लागले. आजोबांनी मला कढत पाण्याने तीनदा धुतले. चार दिवस उन्हात उपडे ठेवले. मग चहाचा भुगा भरून महिनाभर बंद केला आणि तो भुगा फेकून दिला. नाक माझ्यात घालून ते हुंगत आणि मान हलवत. दुधाचा वास जाईना. पुन्हा भुगा, पुन्हा महिना. तिसऱ्या वेळी त्यांनी हुंगले, डोळे मिटले आणि हसले. मग श्याओमान जन्मली त्या वसंतातली पाने त्यांनी माझ्यात भरली. एका तलम पिशवीत पाने, वर पिळून गाठ, बाजूला फडक्यात बांधलेला कोळशाचा तुकडा, मग झाकण, आणि झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे. कागदाच्या कपट्यावर त्यांनी लिहिले, 'श्याओमानचे साल.'

"लग्नात ती गुडघ्यावर बसेल ना," ते आजीला म्हणाले, "तेव्हा वडीलधाऱ्यांना हाच चहा देईल. तिच्या वयाचा चहा."

"पोर अजून चालत नाही आणि तुम्ही तिला गुडघ्यावर बसवलंत."

पण आजीला ते मनापासून आवडले होते. मला ठाऊक आहे, कारण ती माडीवर केर काढायला आली की फळीवरच्या सगळ्या डब्यांमध्ये माझीच धूळ ती बाहीचे टोक ओढून पुसायची.

श्याओमान चार वर्षांची असताना तिला गोवर उठला. ताप उतरेना. आमच्याकडे अशा वेळी जुन्या चहाचा काढा देतात. आजी धावत माडीवर आली आणि तिने पहिला हात मला घातला.

"तो नाही," आजोबा मागून म्हणाले.

"हिच्याच नावचा ना हा? मग हिच्यासाठी नाही तर कुणासाठी?"

"त्याच्या शेजारचा घे. तो त्याहून जुना आहे. हा तिच्या लग्नाचा."

"आधी जगू तर द्या तिला."

"जगेल. म्हणून तर ठेवतोय."

शेजारचा डबा अर्धा झाला. पोर बरी झाली. त्या दिवसापासून आजीने मला कधी हात लावला नाही. लग्नाचा डबा तो लग्नाचा, हे तिच्या मनात पक्के बसले.

दरवर्षी शरदात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की एका सकाळी आजोबा माझे झाकण उघडत. कोळसा बदलत. एकदा वास घेत. पुन्हा गाठ, पुन्हा तीन वेढे. हे सगळे ते मुकाट्याने करत. आजी कधी जिन्यात उभी राहून विचारी, "एवढं काय करता हो त्या डब्यांशी? मला तरी सांगा."

"तुझे देव तू बघ. चहाचं मी बघतो."

आजीला यात काही वावगे वाटत नसे. ती समुद्रकाठच्या कोळ्यांच्या घरातली. लग्न होऊन डोंगरात आली. चहा खुडायला ती जाई, पण साठवणीतले तिला दोनच नियम माहीत होते. चहा सुक्या मासळीजवळ ठेवायचा नाही आणि चुलीजवळ ठेवायचा नाही. बाकी तिचे सारे लक्ष देवाच्या टेबलाशी. पहाटे उठून ती गुआनयिन मातेपुढे आणि पूर्वजांपुढे चहाच्या तीन पेल्या ठेवी, उदबत्त्या लावी आणि मगच स्वतः पाण्याचा घोट घेई. प्रतिपदेला आणि पौर्णिमेला ती मासळी खात नसे. कोळ्याची लेक असून तिने हे व्रत पन्नास वर्षांत एकदाही मोडले नाही.

श्याओमान चौदा वर्षांची असताना हिवाळ्यात आजोबा गेले. सकाळी सूप उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. सात दिवस घरात माणसांची रीघ होती. आलेल्याला चहा द्यावा लागतो. एकेक करून फळीवरचे सगळे डबे खाली गेले आणि रिकामे होऊन परत आले. थर्मासही रिकामा झाला. मला कुणी हात लावू लागले की आजी तेवढ्या दुःखातही म्हणे, "तो राहू दे."

आठव्या दिवशी ती माडीवर आली. फळीवर आता मी एकटाच भरलेला होतो. तिने मला उचलून छातीशी धरले आणि एकेक पायरी उतरून खाली नेले. देवाच्या टेबलावर आजोबांचा फोटो होता. बरोबर त्याच्याखाली तिने मला ठेवले.

"वर कोण बघणार याच्याकडं?" ती फोटोला म्हणाली. "आता तुमचा तुम्हीच सांभाळा. मी आहेच."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरे वाटले, हे कबूल करतो. माडीवर अंधार होता, कोळिष्टके होती. इथे रोज मला पुसले जाई, फुले ठेवली जात, दिवा असे. आजी माझ्याशी बोले. आणि सकाळ-संध्याकाळ माझ्यापासून वीतभर अंतरावर चंदनाच्या तीन उदबत्त्या जळत.

पहिल्या पौर्णिमेला तिने चिकटपट्टीचे वेढे सोडवले. झाकण काढले, गाठ सोडली आणि मला फोटोपुढे किंचित तिरके धरले.

"बघा, आहे बरं का सगळा."

त्यांना वास मिळावा म्हणून ती मला उघडे ठेवून जप करत बसली. उदबत्ती विझेपर्यंत. मग प्रतिपदेला तसेच, पुढच्या पौर्णिमेला तसेच. गाठ तिला पूर्वीसारखी जमेना. एक दिवस तिने ती पिशवीच काढून टाकली. मधे कशाला अडथळा, असे तिला वाटले. चिकटपट्टीही नंतर लावली नाही. कोळसा दर शरदात बदलायला हवा होता, तोही तसाच राहिला. त्याच्या पोटात जागा होती तोवर त्याने धूर पोटात घेतला, पुढे त्याचेही चालेना.

माझ्यातली पाने एव्हाना छान पिकू लागली होती. सुरुवातीला त्यांना गवताचा आणि उन्हाचा वास होता. आजोबांच्या शेवटच्या शरदात खजुरासारखा गोडवा त्यांत उतरू लागला होता. त्या गोडव्यावर आता रोज थोडा धूर बसू लागला. मला ते कळत होते. झाकणाच्या फटीतून तो आत येई आणि पानांच्या सुरकुत्यांत जाऊन बसे. मी पत्रा. रात्री थंडीने आकसताना 'टक्' असा आवाज करण्यापलीकडे मला काही येत नाही. आजी तो आवाज ऐकून म्हणे, "आले वाटतं हे," आणि आणखी एक उदबत्ती लावी.

तिला दोष कसा देऊ? मासळीपासून तिने मला दूर ठेवले होते. चुलीपासून दूर ठेवले होते. धूप हा तिच्या लेखी वास नव्हताच. ज्याने देव प्रसन्न होतो, मेलेले माणूस घरचा रस्ता विसरत नाही, त्याने चहाचे वाईट होईल हे तिच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते.

अशी बारा वर्षे गेली. श्याओमान शिकली, शहरात नोकरीला लागली आणि एका वसंतात तिचे लग्न ठरले. आजी सत्त्याहत्तर वर्षांची झाली होती. तिला गुडघे साथ देत नव्हते, पण त्या महिन्यात ती घरभर मुलीसारखी फिरत होती. येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "तिच्या आजोबांनी ठेवलाय. तिच्या वयाचा." चू काकूंना तर तिने इतक्यांदा सांगितले की त्या म्हणाल्या, "आता नवऱ्या मुलाला नका सांगू. तो नवरीऐवजी डबाच घेऊन जाईल."

लग्नाला पाच दिवस असताना आजीने लिन आजोबांना बोलावले. ते पेइगन आजोबांबरोबर त्याच अंगणात सुपे सरकवत आयुष्य काढलेले. चहा किती वेळ उकळायचा, पाणी किती घालायचे, हे त्यांनी पाहून सांगावे अशी तिची इच्छा होती. तिने माझे झाकण काढले. लिन आजोबांनी दोन बोटांनी चार पाने उचलली, नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"कसा झालाय, भाऊजी?"

"उकळू आधी."

लहान भांड्यात पाने उकळली. रंग सुरेख उतरला, तांबूस, अगदी मधासारखा. आजीचा चेहरा उजळला. लिन आजोबांनी एक घोट घेतला. मग दुसरा. पेली खाली ठेवून ते तिच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले.

"वहिनी, हा डबा वर असायचा ना?"

"वर होता. हे गेल्यावर खाली आणला. इथं, त्यांच्याजवळ."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं. एक दिवस दिवा चुकला नाही की धूप चुकला नाही."

"हो," लिन आजोबा म्हणाले. "कळतंय."

"काय कळतंय?"

त्यांना खोटे बोलता येत नव्हते, आणि खरे बोलायला तोंड उघडत नव्हते.

"चहा वास पितो, वहिनी. चांगला वास, वाईट वास असं काही तो बघत नाही. जवळ असेल ते पितो."

आजीने त्यांच्याकडे पाहिले. मग समोर जळणाऱ्या तीन उदबत्त्यांकडे. मग तिने पेली उचलून स्वतः घोट घेतला आणि तो तोंडात तसाच धरला. गिळायला तिला फार वेळ लागला.

"पण मी तर धूपच लावला," ती म्हणाली. "मासळी नाही ठेवली मी याच्याजवळ."

"माहीत आहे मला."

"यांनी कधी सांगितलं नाही हो."

"तो कुणालाच सांगायचा नाही. मलासुद्धा बघून बघून कळलं."

श्याओमान दुसऱ्या दिवशी आली. आजीने तिला जेवू दिले, पाय धुवू दिले आणि मग सांगितले, "तुझ्या आजोबांचा चहा मी घालवला." श्याओमानने भांड्यातला उरलेला चहा पिऊन पाहिला.

"आजी, याला आपल्या घराचा वास येतो. मला आवडला. आपण हाच देऊ."

"तुझ्या सासूला? लग्नाच्या घरी पहिला घोट मेलेल्या माणसापुढच्या उदबत्तीचा? नाही, पोरी. त्या बाईनं तोंडानं काही म्हटलं नाही तरी तिच्या मनात जन्मभर राहील. तुझ्या संसारात कुणाला साधा सर्दी-खोकला झाला तरी तिला हा घोट आठवेल."

आजीचे खरे होते. आमच्याकडे मयतापुढे ठेवलेले काही लग्नात शिरू देत नाहीत. फुलेसुद्धा नाहीत.

लग्नाच्या दिवशी लिन आजोबांनी त्यांच्या घरचा चहा आणला. चांगला होता, नऊ वर्षांचा. लाल कपड्यातली श्याओमान गादीवर गुडघे टेकून बसली आणि एकेका वडीलधाऱ्यापुढे तिने दोन्ही हातांनी पेली धरली. सगळ्यांनी वाखाणला. आजीची पाळी आली. तिने पेली घेतली आणि हातातच धरून बसली. वाफ निघून गेली तरी तशीच.

"आजी, पी ना. निवतोय," श्याओमान हळूच म्हणाली. तिचे गुडघे अजून टेकलेलेच होते.

आजी प्यायली. वरपक्षाची माणसे हसत होती, फोटो निघत होते. मी टेबलावर होतो. माझ्यावर कुणीतरी लाल कापड टाकले होते, जुना डबा फोटोत येऊ नये म्हणून.

मुलगी सासरी गेल्यावर आजीने माझ्यातला चहा फेकला नाही. रोज पहाटे चिमूटभर पाने ती उकळे. तीन पेल्या फोटोपुढे ठेवी आणि चौथी स्वतः घेई, खुर्चीत बसून. चू काकूंनी एकदा म्हटले, "कशाला पिता हो तो? अंगणात ओतून टाका." आजी म्हणाली, "त्यांनी कष्टानं ठेवला होता. ओतायचा कसा?" पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो पुरला.

मी रिकामा झालो. आजीने मला आजोबांसारखेच कढत पाण्याने धुतले, उन्हात ठेवले, नाक घालून हुंगले. पुन्हा धुतले. पण या खेपेला वास गेला नाही. बारा वर्षांचा होता तो. शेवटी तिने माझ्यात उदबत्त्यांचा जुडा उभा केला आणि मला पुन्हा त्या फोटोखाली ठेवले. आता मी तिथे शोभतो. झाकण लावले काय, न लावले काय, कुणाचे काही बिघडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी काहीतरी जपून ठेवलेले असेल. चहा असेल, बियाणे असेल, मसाला असेल, एखादे जुने कापड असेल. ते जपणारे माणूस अजून घरात वावरते आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि ते हे सारे कसे करते हे विचारून घ्या. ते म्हणेल, तुला काय करायचंय. तरी विचारा. आणि ते निघून गेले असेल, तर माया करण्याआधी ज्याला त्यातले कळते त्याला शोधा. वस्तूला काय सोसते हे आपल्या मनाने ठरवू नका, आपले मन कितीही चांगले असले तरी. आम्हा डब्यांना तोंड नाही. पण माणसांना आहे.

लिन आजोबांचे घर आमच्यापासून दोनच घरे पलीकडे. ती सारी बारा वर्षे ते रोज सकाळी आमच्या दारावरून चहाच्या अंगणाकडे जात. दारातून उदबत्तीचा वास येई. विधवेच्या पूजेच्या वेळी मधे जाऊ नये, म्हणून ते बाहेरूनच मान लववून पुढे निघून जात.